दारातल्या चपला उचलायच्या कुणी?

डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. घरात माणसं पाच: त्या स्वतः, पती, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. दार आत उघडतं. आत आलं की डाव्या हाताला साडेतीन फुटांची भिंत, तिच्यावर स्विचबोर्ड, आणि पुढे लगेच हॉल. एवढ्याशा जागेत पाच जणांच्या चपला-बूट, दोन दप्तरं, लॅपटॉपची बॅग, डब्यांच्या पिशव्या, हेल्मेट आणि जून उजाडला की रेनकोट, छत्र्या. शिवाय सासूबाईंची प्लॅस्टिकची खुर्ची तिथेच. गेल्या गणपतीत मोठ्या जाऊबाई दारातच म्हणाल्या, "अगं, चपलांचं दुकान मांडलंय का इथे?" ते बोलणं त्यांच्या मनाला लागलं. आता सुताराकडून जमिनीपासून छतापर्यंत बंद कपाट करून घ्यायचं त्यांच्या मनात आहे. सुताराने ३८,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. पतीचं म्हणणं, एवढा खर्च कशाला, मजल्यावरच्या बाकी लोकांसारखं आपणही रॅक बाहेर पॅसेजमध्ये ठेवू. सासूबाई खुर्ची हलवू देत नाहीत आणि दारामागे चपला ठेवणं त्यांना अशुभ वाटतं. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "सकाळ-संध्याकाळ मीच सगळं उचलते. घरातल्यांना शिस्त कशी लावू? आणि कपाट करू की नको?"

ताई,

कपाटाचं आपण सावकाश बघू. तुमच्या पत्रातलं जे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही ते "मीच सगळं उचलते" हे आहे. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. मला मात्र वाटतं, तुमचा त्रास जागेपेक्षा त्या वाक्यात जास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

समजा कपाट झालं. जुलैतली संध्याकाळ, सातचा सुमार. मुलगा क्लासवरून येतो, बूट भिजलेले, एका खांद्यावर दप्तर, पोटात कावळे ओरडताहेत. आता त्याने काय करायचं? दप्तर खाली ठेवायचं, बूट काढायचे, कपाटाचं दार उघडायचं, आपला कप्पा शोधायचा, बूट ठेवायचे, दार लावायचं. बारा वर्षांचं पोर हे करणार नाही. आणि केलं तरी तुम्हीच ओरडाल, कारण ओले बूट बंद कपाटात गेले तर दोन दिवसांत वास मारतील. म्हणजे बूट कपाटासमोर पडणार, आणि तुम्ही वाकून ते उचलणार, दार उघडणार, आत ठेवणार. ३८,००० रुपये खर्चून तुमच्याच कामात एका दाराची भर पडेल.

तुम्ही विचारता, शिस्त कशी लावू. मला वाटतं, तुमच्या घरातली माणसं बेशिस्त नाहीत. बाहेरून दमून आलेला माणूस हातातली वस्तू जिथे पहिली मोकळी जागा दिसेल तिथे ठेवतो, सगळ्याच घरांत. म्हणून एक करून बघा. एका संध्याकाळी काहीच उचलू नका. स्वयंपाकघरात कामात राहा आणि नुसतं बघा, कोण आलं आणि कुठली वस्तू कुठे टेकली. हेल्मेट फ्रीजवर गेलं? दप्तर सोफ्याच्या हातावर? किल्ली डायनिंगच्या फळांच्या टोपलीत? घरातल्यांनी त्या त्या वस्तूची जागा न सांगता ठरवलेली असते. त्या जागेच्या हातभर अंतरावर तुम्ही सोय केलीत तर ती वापरली जाईल, चार पावलं लांब केलीत तर नाही.

आता जाऊबाईंच्या बोलण्याबद्दल. कोकणातल्या घराला पुढे पडवी असायची. पावसातून आलेला माणूस तिथे पाय धुणार, इरलं किंवा घोंगडी खुंटीला निथळत लावणार, चपला कडेला सारणार, आणि मग ओटीवर चढणार. वाड्यांना देवडी होती, गिरगाव-लालबागच्या चाळींना गॅलरी होती. बाहेरचा चिखल, ओल, ओझं सगळं तिथेच उतरत असे. चारशे फुटांच्या फ्लॅटमध्ये पडवीला जागा कुणी ठेवली नाही, पण पडवीचं काम काही संपलं नाही. ते तुमच्या त्या साडेतीन फुटांवर येऊन पडलंय. रोज चार माणसं बाहेर पडतात आणि परत येतात अशा घराच्या दारात चपला दिसणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि जाऊबाईंच्या घरी किती माणसं राहतात हेही मनातल्या मनात मोजून बघा.

गणपतीतली गर्दी हा तर वेगळाच विषय आहे. दीड दिवसात पंचवीस माणसं येणार असतील तर त्यांच्या चपला कुठल्याच कपाटात मावणार नाहीत. त्या दिवसापुरत्या घरच्यांच्या चपला एका टबात घालून बेडरूममध्ये पलंगाखाली सारा, पाहुण्यांसाठी भिंतीकडेला एक जुनी चटई टाका, आणि आरती आटोपून मंडळी गेली की ती उचला. वर्षातल्या दोन दिवसांसाठी उरलेल्या दिवसांची सोय बिघडवू नका.

पतींची सूचना खर्च वाचवणारी आहे, मजल्यावर सगळ्यांनी केलंय हेही खरं असेल. तरी मी तिला नाहीच म्हणेन. पॅसेज आणि जिना सोसायटीतल्या सगळ्यांचा, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे आणि ही सुटकेची वाट मोकळी ठेवणं इमारतीवर बंधनकारक आहे. पुष्कळ इमारतींत विजेच्या वायरींची डक्ट किंवा मीटरही जिन्यालगतच असतात. रबर, फोम आणि रेक्झिनचे बूट पेटले की त्यांचा धूर काळा आणि दाट असतो, आणि अंधारात धुरातून खाली उतरणाऱ्याच्या पायात तेच रॅक येतं. तुमच्या सासूबाईंना गुडघे धरून त्या जिन्याने उतरायची वेळ आली तर काय, एवढंच पतींना विचारा. शेजाऱ्यांशी भांडायला जाऊ नका, पण आपलं रॅक त्यात घालू नका. आणि आज ना उद्या सोसायटीची नोटीस आली की तेच रॅक घरात घ्यावं लागेल, तेव्हा पुन्हा हाच प्रश्न.

आता खुर्ची. तुमच्या पत्रात ती तीनदा आली आहे आणि तिन्ही वेळा अडगळ म्हणून. मला विचाराल तर त्या साडेतीन फुटांत सगळ्यात गरजेची वस्तू तीच आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईला उभ्याने सँडलचा पट्टा लावायचा म्हणजे एका पायावर तोल सांभाळायचा, एक हात भिंतीला, दुसरा पायाशी. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं, पुढे ऑपरेशन आणि महिनोन्महिने अंथरूण. प्लॅस्टिकच्या खुर्चीला हात आहेत, ते दाबून त्यांना उठता येतं. म्हणून त्या ती सोडत नाहीत. हट्टाचा भाग यात फारसा नसावा. त्यांना एकदा जवळ बसून विचारा, "आई, खुर्चीचा तुम्हाला नेमका कशाला उपयोग होतो?" त्यांच्या उत्तरातून या जागेची अर्धी आखणी हाती येईल.

दारामागे चपला अशुभ, हेही त्यांच्याशी वाद घालण्यासारखं नाही. दारामागे रॅक ठेवलं तर दार पूर्ण उघडत नाही. सामान आत घेताना, कधी कुणाला स्ट्रेचरवरून न्यायची वेळ आली तर दार सताड उघडावं लागतं. उंबरठा आणि दार फिरण्याची जागा मोकळी राहिली की त्यांच्या रांगोळीलाही जागा राहते. त्यांचं म्हणणं आणि घराची सोय इथे एकाच बाजूला आहेत, तेव्हा त्यांना सरळ सांगा की दारामागे काही ठेवणार नाही.

राहता राहिली डाव्या हाताची भिंत. तिच्यावर काय मावतं हे ठरवण्याआधी तिथे काय असायला हवं ते ठरवू या, कारण माझ्या मते निम्म्या वस्तूंचं तिथे कामच नाही.

दप्तरांचंच घ्या. संध्याकाळी डायरी बघायची, गृहपाठ करायचा, सकाळी वेळापत्रकाप्रमाणे पुस्तकं भरायची, हे सगळं मुलं अभ्यासाला बसतात तिथे होतं. दप्तराला दाराशी फक्त सकाळच्या दोन मिनिटांपुरतं काम. त्याची खुंटी अभ्यासाच्या टेबलापाशी असू दे, मुलीच्या खांद्याच्या उंचीला एक आणि मुलाच्या उंचीला एक. तुमच्या उंचीला लावलीत तर दप्तर खालीच राहील. डब्याची पिशवी ओट्यापाशी. नाहीतरी डबा घासायला तिथेच जायचा आहे, आणि ती दाराशी राहिली की सोमवारी शुक्रवारचा डबा सापडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दारात राहिलं काय? रोजच्या चपला-बूट, हेल्मेट, किल्ल्या, तुमची पर्स, लॅपटॉपची बॅग, छत्र्या, आणि भाजीच्या कापडी पिशव्या. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीपासून पिशवी घेतल्याशिवाय बाजारात जाता येत नाही, आणि पिशवी दारात दिसली तरच आठवते.

आता चपला. येत्या रविवारी घरातल्या सगळ्याच्या सगळ्या चपला-बूट हॉलमध्ये वर्तमानपत्रावर काढा. पलंगाखालच्या, माळ्यावरच्या, बाथरूममधल्यासुद्धा. ज्याने त्याने आपल्या उचलून ओळीत लावायच्या. मुलांच्या तोकड्या झालेल्या, पट्टा तुटलेल्या, "शिवून आणू" म्हणून दोन वर्षं ठेवलेल्या, लग्नात एकदा घालून चावलेल्या, अशा बऱ्याच निघतील. तोकड्या झालेल्या धडक्या देऊन टाका. पट्टा तुटलेल्या त्याच आठवड्यात चांभाराकडे नाहीतर कचऱ्यात. उरलेल्यांतून प्रत्येकाने आत्ताच्या दिवसांत लागणारे फक्त दोन जोड निवडायचे: एक कामाचा किंवा शाळेचा, एक इकडेतिकडे जायचा. पाच माणसांचे दहा जोड दाराशी, बाकीचे खोक्यात, खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव, आणि खोकं माळ्यावर. पावसाळा लागला की चामड्याचे बूट आणि कोल्हापुरी वर जातील, प्लॅस्टिक-रबराच्या खाली येतील. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा अदलाबदल. कोल्हापुरी बांधण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा अगदी पुसट हात फिरवून, दोन दिवस हवेशीर राहू द्या आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नका, आत बुरशी धरते.

दहा जोडांना जागा किती लागते? पुरुषाच्या बुटांचा एक जोड साधारण आठ इंच रुंद आणि बारा इंच लांब. बायका-मुलांचे त्याहून लहान. साडेतीन फूट म्हणजे बेचाळीस इंच, म्हणजे एका ओळीत पाच जोड आरामात, दोन ओळींत दहा. दोन ओळींना उंची लागते दीड फूट. आणि दीड फूट ही माणसाने बसायची उंची.

म्हणून माझी सूचना कपाटाऐवजी एका बाकड्याची आहे. भिंतीइतकं लांब, चौदा इंच खोल, साधारण अठरा इंच उंच. वर सासूबाई बसून चपला घालतील, तुम्हीही बसून मुलीच्या बुटाची नाडी बांधाल. खाली दोन उघड्या ओळी, दारं नाहीत, नावांच्या पाट्या नाहीत. बूट काढले आणि पायाने आत सारले की झालं. बारा वर्षांचा मुलगा एवढं करतो. खुर्चीच्या हातांऐवजी दाराकडच्या टोकाला भिंतीत स्टीलचं हँडल घट्ट बसवून घ्या, ज्येष्ठांसाठी बाथरूममध्ये लावतात तसं. त्याला धरून त्यांना उठता आलं पाहिजे. सासूबाईंच्या चपलांची जागा त्याच टोकाला, वरच्या ओळीत, म्हणजे वाकावं कमी लागेल. आणि महिनाभर खुर्ची हॉलमध्ये राहू द्या. बाकड्यावर बसणं-उठणं त्यांना जमलं, त्या स्वतः म्हणाल्या, तरच ती हलवा.

बाकड्याचा आणखी एक फायदा म्हणजे स्विचबोर्ड मोकळा राहतो. छतापर्यंतचं कपाट केलंत तर सुतार मागच्या फळीला भोक पाडून देईल, आणि अंधारात घरी आल्यावर कपाटाचं दार उघडून, बुटांमागे हात घालून दिवा लावावा लागेल. मागे वायर तापली तर कळणारही नाही. हे सुताराने तुम्हाला सांगितलं नसेल, पण तुम्ही त्याला जरूर विचारा.

बाकड्याच्या वर, हँडलपासून लांबच्या टोकाला, चार खुंट्या पुरतील: लॅपटॉपची बॅग, तुमची पर्स, कापडी पिशव्या आणि एक रिकामी. रिकामी मुद्दाम ठेवायची, पाहुण्याच्या पिशवीसाठी आणि घाईत आलेल्यासाठी. खुंट्यांच्या वर दहा इंचांची एक फळी, हेल्मेट आणि किल्ल्यांच्या वाटीसाठी. चिकटवायचे हुक घेऊ नका. पावसाळ्यात भिंत दमट झाली की रंगाच्या पापुद्र्यासकट ते खाली येतात. ड्रिलने भोक पाडून, प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू बसवलेले हुकच लॅपटॉपचं वजन पेलतात. नव्या इमारतींच्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. त्या भुसभुशीत असल्याने गिट्टी लांब आणि खास त्यांच्यासाठी बनवलेली लागते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली कुठेही भोक पाडू देऊ नका, कारण वायरीचे पाइप भिंतीतून सहसा तसेच उभे जातात.

पावसाबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडे दाराशी खरा गोंधळ जून ते सप्टेंबर असतो आणि तो ओल्या वस्तूंचा असतो. ओल्या आणि कोरड्या वस्तूंची वाट दारातच वेगळी झाली तर बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं. रेनकोट दाराशी टांगायचाच नाही. निथळणारा रेनकोट कुणाच्या तरी पर्सवर आणि बाकड्यावर बसलेल्याच्या पाठीवर गळतो. आला की थेट बाथरूममध्ये, तिथे एक दांडी किंवा तीन हुक. सकाळपर्यंत वाळतो. छत्र्यांना एक रंगाची रिकामी बादली, तळाशी घडी घातलेलं जुनं फडकं, ते रोज पिळायचं. बाहेरच्या पायपुसण्याला पावसाळ्यात काथ्याचं नको. ते भिजून राहतं आणि कुबट वास धरतं. चार महिने भोकांची रबरी चटई टाका, आत सुती पायपुसणं दोन, एक वाळत आणि एक पायाखाली. ओल्या फरशीवर सुती पायपुसणं सरकतं, तेव्हा त्याच्याखाली रबरी जाळी घालाच, सासूबाईंसाठी तर नक्कीच.

ओले बूट बाकड्याखाली नकोत, पहिल्या रात्री तर नकोतच. हॉलच्या पंख्याखाली वर्तमानपत्र पसरून, नाड्या सैल करून, आतलं सोल बाहेर काढून ठेवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दोन तासांनी बोळे ओले लागले की बदलायचे, झोपण्याआधी पुन्हा एकदा. सकाळी बूट घालण्याजोगे होतात. गॅसजवळ, इस्त्रीने किंवा गरम हवेने वाळवायला जाऊ नका, चामडं कडक होऊन तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. मुंबई-ठाण्याच्या बाजूला पावसाळ्यात हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो. अशा हवेत बंद जागेतल्या चामड्यावर हिरवट पांढरी बुरशी यायला फार दिवस लागत नाहीत. उघड्या ओळींचा आग्रह मी धरते तो त्यासाठीही.

हे वाचणाऱ्या सगळ्यांच्या दारात रेनकोटच असतील असं नाही. नागपूर-अकोल्याकडे दाराशी उन्हाळ्याची तयारी लागते: टोपी, गॉगल, तोंडाला बांधायचा दुपट्टा, पाण्याची बाटली. ते खुंटीवर दिसलं नाही तर माणूस मे महिन्यात भर दुपारी तसाच बाहेर पडतो. पुण्यात दुचाक्या जास्त, तेव्हा माणशी एक हेल्मेट धरून फळी लांब करा. आणि अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या वाचकांकडे जाड कोट आणि बर्फाचे बूट असतात. त्यांच्या बुटांखाली वितळणारा बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ लाकडी जमीन खराब करतं, त्यांनी बूट काठ असलेल्या रबरी ताटलीतच ठेवावेत आणि कोटाच्या खुंट्या जड वजनाच्या घ्याव्यात. बाकी हिशेब तोच: आत्ताच्या ऋतूचं दाराशी, उरलेलं वर.

आता पुन्हा तुमच्याकडे येते, ताई. बाकडं झालं, खुंट्या लागल्या, आणि तरीही संध्याकाळी चपला वाकून तुम्हीच लावत राहिलात, तर तुमच्या दमण्यात काही फरक पडणार नाही. नवी व्यवस्था सुरू होईल त्या दिवशी कामं वाटून घ्या, आणि मुलांसमोर पतींशी बोलून घ्या, म्हणजे ते "आईचं काहीतरी" राहणार नाही. ड्रिल आणि हँडल बसवून घेणं पतींकडे, तसंच हेल्मेटची फळी आणि पावसाळ्यात दाराबाहेरची चटई झटकणंही. स्वतःच्या ओल्या बुटांत कागदाचे बोळे घालणं मुलाकडे, पहिले आठ दिवस शेजारी बसून दाखवा, मग त्याचं त्याला. छत्र्यांची बादली मुलीकडे, तिसरीतल्या मुलीला अशी स्वतःची जबाबदारी आवडते. सासूबाईंना विचारा, त्यांना काय करायला आवडेल. कापडी पिशव्यांच्या घड्या घालणं बसल्या जागी होतं.

आणि तुम्ही? तुम्ही आपल्या चपला आणि पर्स एवढंच बघा. दुसऱ्याची वस्तू खाली पडलेली दिसली तर त्या माणसाला हाक मारा, उचलू नका. अपवाद एकच, वाटेत पडलेली चप्पल सासूबाईंच्या पायात येण्यासारखी असेल तर ती पायाने कडेला सारा. पहिले दोन आठवडे दार आजच्यापेक्षा जास्त पसरलेलं दिसेल. त्या दिवसांत जाऊबाई आल्या तर येऊ देत. "तुम्ही उचलत नाही म्हणून घर असं दिसतं" असं कुणी म्हणालं तर तेव्हा शांतपणे सांगा की घरातल्या पाचांपैकी चौघांना वाकता येतं. हे सांगताना अपराधी वाटेल, वर्षानुवर्षांची सवय आहे, एका पावसाळ्यात जाणार नाही. तरी सांगा.

सुताराला बोलावण्याआधी एक रविवार खर्च करा. बेचाळीस गुणिले चौदा इंचाचं वर्तमानपत्र कापून भिंतीलगत जमिनीवर टेपने चिकटवा आणि आठवडाभर त्याच्या रेषेच्या आत पाय न टाकता वावरा. दार पूर्ण उघडतं का, गॅसचा सिलिंडर आत येतो का, दोन माणसं एका वेळी जाऊ शकतात का, ते कळेल. अडचण वाटली तर बाकड्याची खोली बारा इंचांवर आणा, बसायला तेवढंही चालतं.

मग सुताराला सांगा. पाऊस तोंडावर आहे, तेव्हा काम मेअखेरीस संपलं पाहिजे. साधा कमर्शियल प्लाय किंवा भुशाचा बोर्ड नको, ओल्या चपलांनी तो फुगतो. मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का तुमच्यासमोर बघून घ्या, आणि कापलेल्या कडा उघड्या न ठेवता बंद करून घ्या. खालची ओळ जमिनीपासून चार इंच वर, म्हणजे केर काढताना झाडू खालून फिरेल. बसायच्या फळीखाली मधोमध एक आधार, नाहीतर ती वर्षभरात वाकते. आणि माप घ्यायला तो येईल तेव्हा सासूबाईंना तिथे बोलवा, त्यांना खुर्चीवर बसवून पावलं जमिनीला टेकल्यावर गुडघा किती उंचीवर येतो ते मोजायला सांगा. बसायची फळी त्यांना हवी तेवढ्या उंचीवर करून घ्या, मग ती अठरा इंचांवर येवो की साडेएकोणीसवर.